हुतात्मे, जवान आणि त्यांच्या मागे राहिलेलं घर : खान्देशातले अनुभव

धागा उघडताना

तिरंग्यात गुंडाळलेली पेटी गावात येते त्या दिवशी काय होतं, हे आपण खान्देशातल्या बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलंय. गावात चूल पेटत नाही. शाळेची पोरं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी राहतात. आजूबाजूच्या गावांहून माणसं ट्रॅक्टरने, मोटारसायकलने येतात, 'अमर रहे' म्हणून म्हणून घसे बसतात. मला विचारायचंय ते त्यानंतरचं. दहावं-तेरावं झालं, पाहुणे गेले, मंडप सुटला. पुढच्या पोळ्याला, दिवाळीला, पोरीच्या दहावीच्या निकालाला त्या घरी कोण जातं?

हाच प्रश्न मला बेचाळीसच्या हुतात्म्यांबद्दलही पडतो. चौकाला नाव दिलं, पुतळा बसवला, वर्षातून एक हार घातला. त्यांच्याबद्दल आपल्या घरात काय बोललं जातं? स्वातंत्र्यलढ्यातले आणि सैन्यातले एकाच धाग्यात कशाला, असं कुणी म्हणेल. दोघांच्याही घरातलं तरणंताठं माणूस गेलं आणि गावाने त्याचा अभिमान बाळगला. त्या अभिमानातून मागच्यांच्या वाट्याला काय आलं, ते समजून घ्यायचं आहे.

भाषण नको. पाहिलेलं, घरात ऐकलेलं, स्वतः केलेलं लिहा. जवानांच्या घरच्यांची नावं मात्र लिहू नका, गावाचं नावही टाळा. त्यांचं दुःख त्यांना विचारल्याशिवाय आपण चव्हाट्यावर आणायचं नाही.

माणिक चौकाजवळचे दुकानदार, नंदुरबार

सुरुवात आमच्या गावापासून व्हायला हवी. ९ सप्टेंबर १९४२. 'छोडो भारत'ला जेमतेम महिना झाला होता. पोरांची फेरी झेंडा घेऊन निघाली, पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि पाच जण गेले. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर, घनश्याम शहा. शिरीषकुमारला सोळावं वर्ष चालू होतं.

गुजरातच्या हद्दीवरचं आमचं गाव, घरात गुजराती बोलणारी कुटुंबं पुष्कळ, म्हणून फेरीतली घोषणाही गुजरातीतली : 'नहीं नमशे, नहीं नमशे, निशाण भूमी भारतनुं.' माझे वडील ती म्हणताना हात वर करायचे, अगदी म्हातारपणीसुद्धा.

बाहेरून आलेल्या माणसाला शिरीषकुमार माहीत असतो. बाकी चौघांची नावं विचारा, मोठी माणसंही गप्प होतात. मला ते सहन होत नाही. गोळी काही माणूस बघून कमी-जास्त लागली नव्हती. दुकानात वह्या घ्यायला येणाऱ्या पोरांना मी पाचही नावं म्हणायला लावतो. जून महिन्यात गर्दी असते तरी लावतो. काही पोरं आता दारातूनच म्हणत येतात.

निवृत्त हवालदार, चाळीसगाव तालुका

मी मराठा लाइट इन्फंट्रीत होतो. पेटीबरोबर जो जवान येतो त्याला आम्ही एस्कॉर्ट म्हणतो. जमेल तिथे त्याच पलटणीतला, त्याच भागातला माणूस पाठवतात, म्हणजे घरच्यांशी त्यांच्या भाषेत बोलता येतं. ते काम माझ्या वाट्याला आलं आहे. नोकरीत जे काही केलं त्यात त्याहून अवघड काही नव्हतं.

श्रीनगरहून दिल्ली, तिथे पुष्पचक्रं वाहिली गेली, मग औरंगाबाद आणि तिथून गाडीने कन्नडचा घाट उतरून आपल्या मुलखात. घाट उतरल्यावर प्रत्येक फाट्यावर माणसं उभी. एका ठिकाणी ऊसतोडीच्या बैलगाड्या थांबल्या होत्या, गाडीवान डोक्यावरचं फडकं काढून हातात धरून उभे होते. त्यांना कोणी सांगितलं असेल?

घरी पोचल्यावर वडिलांनी मला बाजूला घेतलं. कसा गेला, कुठे लागलं, काहीच विचारलं नाही. एवढंच विचारलं, "जेयेल व्हता का तो?" मी खरं तेच सांगितलं : हो आबा, संध्याकाळी आम्ही लंगरला एकत्र जेवलो. त्यांनी मान हलवली आणि माणसांत जाऊन बसले. नंतर शोकशस्त्र झालं, बिगुल वाजला, हवेत तीन फैरी झाल्या, झेंड्याची घडी घालून त्यांच्या हातात दिली. मंत्रीसंत्री, कॅमेरे, सगळं होतं. माझ्या कानात आबांचा तो प्रश्न राहिला.

आता धागाकर्त्याने विचारलेलं, नंतरचं. काही आठवड्यांनी जवानाची ट्रंक घरी येते. काळी पत्र्याची, वर पांढऱ्या रंगाने आर्मी नंबर आणि नाव. आतल्या सामानाची यादी असते, एकेक वस्तू दाखवून सही घ्यायची. दाढीचं सामान, दोन स्वेटर, बँकेचं पासबुक, रबरबँड लावलेली पत्रं. त्या ट्रंकेत कॅन्टीनमधून घेतलेला प्रेशर कुकर होता, खोका न उघडलेला, वर किमतीची चिठ्ठी तशीच. बायकोने यादीवर सही केली आणि कुकरच्या खोक्यावर हात ठेवून बसून राहिली. त्या दिवशी घरात आम्ही चार-पाच माणसं होतो. गाव शेतात होतं.

यापुढे लिहितो ते जरा रूक्ष वाटेल, पण माझ्या मते खरी श्रद्धांजली इथेच लागते. लढताना गेलेल्या जवानाच्या पत्नीला उदारीकृत कौटुंबिक निवृत्तिवेतन मिळतं, म्हणजे त्याच्या शेवटच्या पगाराइतकं. सरकारने कायदा चांगला केला आहे. अडतं ते कागदावर. जवानाचं लग्न झालं, मूल झालं, की त्याची नोंद 'पार्ट टू ऑर्डर'ने पलटणीत करायची असते. पोरं सुटीत येतात, लग्न करून परत जातात आणि नोंद राहून जाते. त्यात आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत. मग आधारवर एक नाव, सर्विस रेकॉर्डवर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं. कुठे 'बाई' लावलेलं, कुठे नाही. जन्मतारीख तर माय-बापांच्या पिढीत कोणाचीच जुळत नाही. पेन्शन आता 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीवर गेली आहे, तिथे एक अक्षर इकडचं तिकडे झालं की गाडी थांबते. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो, तो चुकला तर पैसे बंद. सत्तरीची माय, तिला मोबाइलवर ओटीपी येतो तो कळत नाही.

निवृत्त झाल्यापासून मी हेच करतो. आजूबाजूच्या तालुक्यांत फिरतो, कागद लावून देतो. ज्यांची पोरं सध्या नोकरीत आहेत त्यांना हात जोडून सांगणं आहे : पुढच्या सुटीत पोरगा आला की त्याला बसवून सगळ्यांची नावं आणि तारखा आधारशी ताडून घ्या. अपशकुन मानू नका.

एरंडोलची ताई

हवालदार नाना, शेवटचं वाक्य माझ्या सासूबाईंना वाचून दाखवलं. दीर बीएसएफमध्ये आहेत. त्या आधी रागावल्या, मग स्वतःच कपाटातून फाईल काढून आणली.

माहेर साक्री, सासर पारोळा

मी पहिल्यांदाच लिहिते आहे याबद्दल.

माझा भाऊ गोळी लागून गेला नाही. तो बर्फात गेला, ड्युटीवर असताना. सियाचीनवर १९८४पासून आपली माणसं आहेत आणि तिथे शत्रूपेक्षा थंडीने आणि हिमकड्यांनी जास्त जीव घेतले आहेत, हे मला तो गेल्यावर वाचून कळलं. लोक विचारतात, "कारवाईत गेला का?" मी नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा किंचित बदलतो. शहीद म्हणायचं की नाही याचा हिशोब त्यांच्या डोक्यात चालू असतो. कृपा करून कोणालाही हा प्रश्न विचारू नका. उणे तापमानात तो तिथे हवा खायला उभा नव्हता.

आखाजीबद्दल सांगते. खान्देशाबाहेरच्या वाचकांसाठी : अक्षय्य तृतीया हा आमचा दिवाळीएवढा सण. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गौराईची गाणी म्हणतात. त्याच दिवशी पितरांसाठी घागर भरतात. मातीची नवी घागर, वर छोटं मडकं, त्यावर डांगर म्हणजे खरबूज, सांजोऱ्या, आंबे. निखाऱ्यावर आगारी टाकतात, म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावाने घास देतात. घागर म्हाताऱ्या माणसांची भरायची असते. तेविसाव्या वर्षी गेलेल्या पोराची घागर त्याच्या आईने भरायची, हे आमच्या घरात कोणाला सुचलंही नसतं.

आईने भरली. घरात नळ आहे तरी तिने पाणी विहिरीवरून आणलं, दोन खेपा केल्या. मी म्हटलं, आई, मी आणते. म्हणाली, "तठे पानी गोठी जास, आठे तरी पेवू दे त्याले." घागर भरून भिंतीशी ठेवली. नवी असल्याने ती पाझरत होती, खाली जमिनीवर ओला गोल वाढत होता आणि आई तो पदराने टिपत होती. पुन्हा पाझरायचं, पुन्हा टिपायची. आम्ही कोणी तिला थांबवलं नाही.

आखाजीला भाऊ मुऱ्हाळी होऊन बहिणीला न्यायला येतो. त्या वर्षी मी सासऱ्यांसोबत जायचं ठरवलं होतं. सकाळीच दारात त्याचे दोन मित्र उभे, वर्गातले, दोघंही शेती करतात. एक म्हणाला, "ताई, आम्ही तुला घ्यायला आलो." दर आखाजीला येतात. एकदा लग्नाची तिथ होती त्यातल्या एकाच्या घरी, तरी दुसरा आला. माझ्या भावासाठी झालेल्या सगळ्या कार्यक्रमांपेक्षा मला हे मोठं वाटतं. धागाकर्त्यांनी विचारलं होतं ना, त्या घरी कोण जातं, म्हणून लिहिलं.

महाविद्यालयीन विद्यार्थिनी, तळोदा

शाळेत आम्ही शिरीषकुमार शिकलो. रावलापाणी मात्र मला घरीच कळलं.

तळोदा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी गुला महाराजांनी आप चळवळ सुरू केली. दारू सोडा, अंघोळ करा, स्वच्छ राहा, आरतीला एकत्र या आणि एकमेकांना 'आप' म्हणा. ज्या माणसांना सावकार, ठेकेदार, पोलीस सगळे अरेतुरे करत होते त्यांनी एकमेकांना आप म्हणायचं! हजारो आदिवासी जमू लागले. १९३८मध्ये गुला महाराज गेले आणि त्यांचे बंधू रामदास महाराजांनी चळवळ पुढे नेली. एवढी माणसं एका हाकेला येतात, दारूचं उत्पन्न बुडतं, हे इंग्रज सरकारला परवडणारं नव्हतं. २ मार्च १९४३ रोजी रावलापाणीला या लोकांवर गोळीबार झाला. त्यांच्या हातात बंदुका नव्हत्या. ते आरतीची माणसं होती.

तिथल्या खडकांवर गोळ्यांच्या खुणा अजून आहेत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा आजोबांनी माझं बोट धरून एका खळग्यात ठेवलं. करंगळीचं टोक मावतं, कडा घासून गुळगुळीत झाली आहे, कारण प्रत्येक जण तिथे बोट ठेवतो. आजोबांचे वडील त्या दिवशी नाल्यात होते. ते वाचले, त्यांच्या शेजारचा माणूस वाचला नाही. आजोबा हे सांगताना त्या माणसाचं नाव घेतात, प्रत्येक वेळी, आधी नाव आणि मग गोष्ट. मी ते नाव इथे लिहीत नाही, धाग्याच्या नियमाप्रमाणे. पण आमच्या घरात ते पाठ आहे.

दरवर्षी २ मार्चला तिथे माणसं जमतात. मला एवढंच वाटतं की नंदुरबारच्या माणिक चौकात सहल येते तशी रावलापाणीलाही यावी. दोन्ही एकाच जिल्ह्यात आहेत.

धागाकर्ता

फार बरं झालं लिहिलंस. याला जोडून एक. सत्तावन्नच्या उठावाचं बोलताना आपण झाशी-कानपूरला जातो. सातपुड्यात खाज्या नाईक आणि भीमा नाईक यांच्या भिल्लांनी इंग्रजांशी लढाई केली होती. ११ एप्रिल १८५८ची आंबापाणीची लढाई त्यातली मोठी. त्यात आदिवासी बायकाही कैद झाल्या. भीमा नाईकांना अंदमानला पाठवलं, ते तिथेच वारले. म्हणजे नंदुरबार-शिरपूरकडच्या डोंगरात १८५८ आणि १९४३ अशी दोन्ही वेळा रक्त सांडलं आहे. मधल्या पंचाऐंशी वर्षांत किती घरांनी काय भोगलं असेल, त्याची कुठेच नोंद नाही.

फोटो स्टुडिओ, पाचोरा

भरती झालेला प्रत्येक पोरगा पहिल्या सुटीत वर्दीत फोटो काढायला येतो. ताठ उभा राहतो, हसत नाही. मी म्हणतो, हस की भाऊ. एक कॉपी आईला, एक होणाऱ्या बायकोला.

एकदा एक काका मोबाइल घेऊन आले. पोराचा फोटो मोठा करायचा होता, हार घालण्यासाठी. मोबाइलवर आलेला छोटा फोटो, वाढवला की चेहरा फुटत होता. म्हणाले, तुमच्याकडेच काढला होता वर्दीतला. मी तोपर्यंत जुने फोटो पुसून टाकलेले, जागा होत नाही म्हणून सगळेच स्टुडिओवाले टाकतात. रात्रभर बसून तो फुटलेला चेहरा जमेल तेवढा नीट केला. डोळे मला जमले नाहीत.

आता वेगळी हार्डडिस्क आहे, वर्दीतल्या पोरांची. त्यातला एकही फोटो पुसत नाही. ती डिस्क पुन्हा कधी उघडायला लागू नये, एवढीच इच्छा.

एक सरपंच, भडगाव तालुका

अंत्यसंस्काराच्या दिवशी लागणाऱ्या फ्लेक्सबद्दल कोणीतरी लिहायला हवं होतं, मीच लिहितो. जवानाचा फोटो वर कोपऱ्यात आणि श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे फोटो खाली, त्याहून मोठे. आमच्या गावावर ती वेळ आली तेव्हा ग्रामपंचायतीत बसून ठरवलं : एकच फ्लेक्स, त्यावर एकच फोटो. दोन-तीन जण नाराज झाले, माझ्याशी अजून बोलत नाहीत. चालेल.

अमळनेर तालुका, बोरी नदीकाठ

आमच्या भागाचं नाव स्वातंत्र्यलढ्यात मोठं आहे. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, १९३०मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनीच लिहून घेतली. डांगरीचे डॉ. उत्तमराव पाटील भूमिगत झाले. त्यांच्या पत्नी लीलाताई बेचाळीसला अमळनेरच्या मोर्च्यात पुढे होत्या, त्यांना तुरुंगवास झाला. हे सगळं नोंदलं गेलं आहे आणि जायलाच हवं.

माझी आजी कुठेच नोंदलेली नाही. लग्न होऊन आलेली सतरा-अठरा वर्षांची सून. निरोप यायचा, "पाहुणे शेतात उतरलेत." मग घरातली सगळी निजल्यावर ती आणि तिची सासू भाकरी करायच्या. जातं दिवसाच दळून ठेवायचं, रात्री दळलं तर आवाज होतो. चूल परसात, धूर दिसू नये म्हणून सुकं तुरकाट्यांचं जळण. कळण्याच्या भाकरी, मिरचीचा ठेचा, कांदा. धोतराच्या तुकड्यात बांधून आजी ते विहिरीजवळच्या खोपीत नेऊन ठेवायची. शेजारचं कुत्रं भुंकायचं, म्हणून निघताना आधी त्याला चतकोर. माणसं किती, कोण, कुठली, विचारायचं नाही. सकाळी फडकं धुऊन दगडावर ठेवलेलं असायचं, त्यावरून समजायचं की खाल्लं.

पकडले गेले असते तर जमीन, बैल, घरचे पुरुष, सगळंच गेलं असतं. तिला ते माहीत होतं. मी विचारलं होतं, भीती वाटायची का? म्हणाली, भीती वाटायची, पण उपाशी माणूस शेतात बसलाय म्हटल्यावर झोप कशी लागेल.

१९७२मध्ये, स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट दिले गेले. गावात एका घरी आला, आजीने त्यांच्याकडे जाऊन पेढा खाल्ला, आनंदाने. तिच्याकडे तुरुंगवासाचा कागद नव्हता, भूमिगत असल्याचा नव्हता, कसलाच नव्हता. भाकरीची पावती कोण देणार? मला राग कोणाचाच नाही, सरकारला काहीतरी कागद लागणारच. पण प्रत्येक भूमिगत माणसामागे अशा किती चुली रात्रीच्या पेटल्या असतील, याचा आपण विचार करत नाही. ज्यांच्या घरी ऐंशी-नव्वदीची माणसं आहेत त्यांनी आजच्या आज बसून लिहून घ्या. मी आजीचं वहीत लिहून घेतलं, सात पानं झाली. तिच्या सासूचं काहीच नाही आमच्याकडे. जास्त भाकरी तर तिनेच केल्या होत्या.

जिल्हा परिषद शिक्षक, शिंदखेडा तालुका

वरचं वाचून राहवलं नाही. आमच्या तालुक्यात चिमठाण्याजवळ १४ एप्रिल १९४४ रोजी सरकारी खजिना लुटला गेला. धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेली गाडी, साडेपाच लाखांची रक्कम. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आणि आपले उत्तमराव पाटील त्यात होते. कुठे सातारा, कुठे शिंदखेडा! तिकडची माणसं इकडे येऊन राहिली, त्यांना कुणाच्या ना कुणाच्या घरची भाकरी मिळाली म्हणूनच हे झालं. बोरीकाठच्या आजींसारख्या बायका पांझरेच्या आणि तापीच्या काठीही होत्याच.

स्मारकावर मी दरवर्षी सातवीच्या पोरांना नेतो. एका मुलीने विचारलं, "सर, पण लुटणं चुकीचं ना?" मला हा प्रश्न आवडला. मी तिला सांगितलं की तो पैसा कोणाच्या घरून आणला नव्हता, आपल्याच लोकांकडून वसूल केलेला सारा होता आणि तो चळवळीला गेला. ती म्हणाली, "मग त्यांनी स्वतःसाठी काय घेतलं?" तिथून आमचं बोलणं तुरुंग, फरारी, मोडलेले संसार याकडे गेलं. परत येताना बसमध्ये गाणी झाली नाहीत, पोरं आपापसात बोलत होती.

शाळेत एक सैनिक वही ठेवली आहे. गावातून सैन्यात कोण गेलं, कोणत्या पलटणीत, सध्या कुठे, सुटीवर कधी येणार, हे पोरंच विचारून लिहितात. सुटीवर आलेला जवान अर्धा तास वर्गात येतो. ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा डबा फिरतो, हा दिवस १९४९पासून पाळला जातो. पूर्वी पोरं दोन रुपये टाकून छोटा झेंडा खिशाला लावायची आणि विसरायची. आता मी आधी सांगतो की हा पैसा जवानांच्या पत्नींसाठी, जखमी सैनिकांसाठी, त्यांच्या मुलांच्या शिक्षणासाठी जातो. डबा जड झाला असं नाही, आमचं गाव गरीबच आहे. पण टाकताना पोरं एकमेकांना सांगतात कशासाठी ते.

शेतकरी, बोदवड तालुका

हवालदार नाना, तुमच्यासाठी लिहितोय. आमच्या शेजारी एक माय राहते. पोरगा सैन्यात होता, लग्न व्हायचं होतं, तो गेला. नंतर बापही गेला. पेन्शन मायच्या नावावर होती, ती आता थांबली आहे. एका कागदावर तिच्या नावापुढे 'बाई' आहे, एकावर नाही आणि जन्मसालात चार वर्षांचा फरक. तिला घेऊन एका कार्यालयात गेलो होतो. सकाळपासून बाकावर बसवून ठेवलं, दुपारी सांगितलं साहेब आज येणार नाहीत. परत येताना ती गाडीवर मागे बसून मलाच समजावत होती की राहू दे भाऊ, तुझं फवारणीचं काम पडलंय. तिच्या पोराच्या अंत्ययात्रेला रस्ता पुरला नव्हता.

निवृत्त हवालदार, चाळीसगाव तालुका

भाऊ, तिला आता कुठेही नेऊ नका. हे काम होतं, मी अशी केली आहेत. पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची झेरॉक्स, आधार, बँकेचं पासबुक आणि पोराच्या नोकरीचे जे काही कागद घरात असतील ते सगळे एकत्र ठेवा, निरुपयोगी वाटतील तेही. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र करावं लागेल. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पत्र घेऊन ते रेकॉर्ड ऑफिसला पाठवायचं, त्याचा मसुदा माझ्याकडे तयार आहे. हयातीचा दाखला शेवटचा कधी दिला तेही बघा, अनेकदा नावामुळे वाटतं आणि थांबलेलं असतं त्यामुळे. रविवारी मी बोदवडला येतो, रेल्वे सोयीची आहे. स्टेशनवर कोणाला तरी पाठवा.

शेतकरी, बोदवड तालुका

मीच येतो नाना. आत्ताच तिच्या घरी जाऊन आलो. हयातीचा दाखला मागच्या वर्षी दिलाच नव्हता, ज्या पोराच्या मोबाइलवरून व्हायचा तो पुण्याला कामाला गेला. पीपीओ सापडला, झेरॉक्स काढतो. पासबुकाचं पहिलं पान पुसट झालंय, बँकेतून उद्या नवीन घेतो.